डोलकाठीच्या तारा: उचलण्याआधी एकदा, उतरवण्याआधी एकदा

औषधाच्या दुकानात मिळतो त्या कापसाचा बोळा घ्या आणि शिडाच्या बोटीवरची कुठलीही तार तळाशी, जिथे ती धातूच्या नळीत शिरते तिथे, हलक्या हाताने पुसा. बोळा सरकत गेला तर पुढच्या तारेकडे वळा. एक जरी धागा अडकला तर थांबा आणि भिंग काढा. तिथे तारेतला एक पदर तुटून बाहेर आलेला असतो. केसाएवढा, उघड्या डोळ्याला बहुधा न दिसणारा. उघड्या बोटाने ही तपासणी करू नका. तो पदर सुईसारखा बोटात घुसतो आणि समुद्रावरची जखम लवकर भरत नाही.

आमची बोट सव्वीस फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. ऑक्टोबर ते मे ती मुंबई बंदरात मुरिंगवर, म्हणजे पाण्यात कायम नांगरलेल्या बोयाला बांधून, असते. मेअखेरीस क्रेनने उचलून यार्डात ठेवतो. तारांची तपासणी वर्षातून दोनदा करतो: बोट उचलण्याच्या आठवड्यात एकदा आणि ऑक्टोबरात पाण्यात उतरवण्याआधी एकदा. पहिली तपासणी महत्त्वाची. दोष मे महिन्यात सापडला तर सुटे भाग मागवायला चार महिने हातात असतात. ऑक्टोबरात सापडला तर दिवाळीपर्यंतचे सगळे रविवार किनाऱ्यावर जातात.

आधी तारांची ओळख

डोलकाठीला उभं धरतात त्या स्थिर तारा. शीड वरखाली करणारे दोर, म्हणजे हॅल्यार्ड, यात येत नाहीत. आमच्या बोटीवर अशा आठ तारा आहेत. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जाणारी फोरस्टे, मागे जाणारी बॅकस्टे, दोन्ही बाजूंना माथ्यावरून स्प्रेडरच्या टोकाला वळसा घेऊन उतरणाऱ्या दोन कॅप श्राउड आणि स्प्रेडरच्या मुळापासून उतरणाऱ्या चार लोअर श्राउड. स्प्रेडर म्हणजे डोलकाठीला आडवे लावलेले दोन हात.

तार स्टेनलेसची, एकोणीस पदरांची. बाजारात तिला 'एक बाय एकोणीस' म्हणतात, ग्रेड 316. पाच मिलिमीटर जाडीच्या तारेची तुटण्याची क्षमता साधारण दोन टन असते, त्यामुळे तार मधेच अशी सहजी तुटत नाही. धोका टोकांना असतो. वरच्या टोकाला फिटिंग, टँग (डोलकाठीवरची, तार अडकवायची पट्टी) आणि पिन. खालच्या टोकाला फिटिंग, टर्नबकल (फिरवून तार ताणायचा आट्यांचा जोड), टॉगल (हलता सांधा), पिन, त्या पिनेतली कॉटर पिन (पिन निसटू नये म्हणून घालायची दोन पायांची खिळी) आणि शेवटी डेकमधून आत जाणारी चेनप्लेट, म्हणजे तारेचा ताण बोटीवर घेणारी धातूची पट्टी. ही साखळी कुठेही तुटली की तार गेली, आणि वाऱ्याकडच्या बाजूची तार गेली की डोलकाठी पडायला दोन-तीन सेकंद पुरतात.

काथ्याचा दोर म्हातारा झाला की सांगतो. त्याचे तंतू सुटतात, रंग जातो, हाताला भुसभुशीत लागतो. कोकणातल्या जुन्या तांडेलांना त्यासाठी भिंग लागत नव्हतं. स्टेनलेस मात्र चकाकत राहतं आणि आतून जातं. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो, पण त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. खारं पाणी साचून राहिलं आणि हवा पोहोचली नाही की थर टिकत नाही, आणि चिरेच्या आत गंज पोखरत जातो. म्हणून तपासणी करताना एकच प्रश्न धरून बसा: इथे पाणी साचतं का, आणि हवा लागते का?

वही

कामाला लागण्याआधी वहीच्या पानावर डोलकाठीचं चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल. प्रत्येक तारेला नंबर द्या. तारेची जाडी, कधी बसवली, टर्नबकलच्या दोन्ही बाजूंना किती आटे दिसतात ते लिहा. फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. फोनमधले फोटो दोन वर्षांनी सापडत नाहीत, वही सापडते.

डेकवरून सुरुवात

सगळ्यात जास्त दोष खालच्या टोकांना सापडतात, आणि तिथे पोहोचायला चढावं लागत नाही. पाणी तारेच्या पदरांमधून खाली ओघळतं आणि खालच्या नळीत, म्हणजे स्वेजमध्ये, शिरून बसतं. स्वेज ही तारेवर यंत्राने दाबून बसवलेली नळी. तिचं तोंड वर असल्यामुळे ती पेल्यासारखी भरते.

टूथब्रश आणि गोड्या पाण्याने स्वेज घासा, पुसा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने चारही बाजूंनी पाहा. उभी, केसासारखी रेघ दिसली तर ती तडा आहे असं समजा. नळी केळ्यासारखी किंचित वाकलेली असेल तर ती बसवतानाच वाकडी दाबली गेली आहे. लगेच तुटेल असं नाही, पण वहीत लिहा. तार नळीत शिरते तिथे तपकिरी ओघळ असेल तर पुसा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. पृष्ठभागावरचा चहाच्या डागासारखा गंज पुसला की बरेच दिवस येत नाही. आतून येणारा आठ-पंधरा दिवसांत हजर होतो.

मग कापूस. प्रत्येक तार हात पोहोचेल तिथपर्यंत. एकोणीसपैकी एक पदर तुटलेला सापडला तरी ती तार बदलायची. 'एकच तर तुटलाय' हा हिशेब चुकतो. उरलेले अठरा त्याच वयाचे, त्याच पाण्यातले, तेवढेच थकलेले असतात. मी तर तशी तार सापडली की तिची दुसऱ्या बाजूची जोडीदारही बदलतो.

आता टर्नबकल. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. कॉटर पिनांच्या टोकांनी शीड फाटू नये म्हणून मी एका वर्षी सगळ्या टर्नबकलना काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. घट्ट, सुबक, वरपासून खालपर्यंत. येणारा-जाणारा कौतुक करायचा. दोन हंगामांनी टेप सोडली तेव्हा आतून चहाच्या गाळासारखा तपकिरी चिखल निघाला. धुतल्यावर एका टॉगलच्या कानावर, पिनेच्या भोकापासून कडेपर्यंत, आडवी रेघ दिसली. तो टॉगल व्हाइसमध्ये धरून स्क्रूड्रायव्हरने नुसता उचकटला, तर खारी बिस्किटासारखा मोडला. दोन वर्षं आम्ही त्या टॉगलवर भिस्त ठेवून मांडव्याला जाऊन येत होतो. आता टेपचा एकच वेढा, फक्त पिनेच्या टोकांवर. टर्नबकल उघडाच ठेवतो.

टर्नबकलचे आटे स्वच्छ करून तपासा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसची बॉडी असेल तर कोरडी फिरवू नका. ताणाखाली दोन्ही एकमेकांत जखडतात आणि मग करवतीशिवाय सुटत नाहीत. ब्राँझच्या बॉडीला हा त्रास बराच कमी. दोन्ही प्रकारांत लॅनोलिन किंवा मॉलिब्डेनमवालं ग्रीस लावा. बॉडीच्या आत बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आटे अडकलेले हवेत. बंद बॉडी असेल तर हे दिसत नाही, म्हणून मला उघड्या बॉडीचे टर्नबकल आवडतात.

तारेचा ताण सरळ रेषेत जातो का तेही इथेच कळतं. तार, टर्नबकल आणि चेनप्लेट एका ओळीत हवेत. टॉगल म्हणजे दोन्ही दिशांना हलू देणारा सांधा. तो नसेल किंवा जखडला असेल तर प्रत्येक लाटेबरोबर फिटिंग थोडं थोडं वाकतं, आणि पुढेमागे वाकवलेला खिळा मोडतो तसं ते मोडतं. फोरस्टेला दोन्ही टोकांना टॉगल हवेत, कारण पुढचं शीड तिला सतत बाजूला ओढत असतं.

कॉटर पिन स्वस्त असते, तिच्यात कंजूषी नको. काढली की नवीन घालायची. लांबी मोठ्या पिनेच्या व्यासाच्या दीडपट पुरते, आणि पाय जरासेच फाकवायचे. मागे वळवून गुंडाळलेली पिन अडचणीच्या वेळी निघत नाही.

चेनप्लेट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चेनप्लेट डेकमधून आत जाते, आणि डेकच्या जाडीतला तिचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग कोणालाच दिसत नाही. तिथलं सीलंट जुनं झालं की पाणी शिरतं, बसतं, हवा लागत नाही. वर चकचकीत, खाली केबिनमध्ये चकचकीत, आणि मधे निम्मी खाल्लेली, अशी चेनप्लेट मी हातात धरलेली आहे.

खुणा केबिनमध्ये शोधा. चेनप्लेटच्या खाली तपकिरी ओघळ, लाकडी आडभिंतीवर काळसर डाग, पॉलिश फुगलेलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आडभिंतीवर टकटक करत जा. कोरडं लाकूड टणत्कार देतं, कुजलेलं ढबढब वाजतं. ढबढब ऐकू आलं तर चेनप्लेट चांगली असूनही उपयोग नाही, तिला धरणारी भिंतच गेली आहे.

आमची पद्धत अशी: दर पावसाळ्यात दोन चेनप्लेट पूर्ण बाहेर काढायच्या, डोलकाठी उतरवलेली असताना. धुवायच्या, घासायच्या, तडे तपासायचे, डेकच्या भोकाची कड कोरडी करून इपॉक्सीने बंद करायची, मग नव्या सीलंटमध्ये बसवायच्या. तीन-चार वर्षांत सगळ्यांची फेरी होते.

तड्याची शंका असेल तर डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट, टेस्ट करा. कुठल्याही फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये वेल्डिंग तपासायला ही वापरतात. तीन स्प्रे कॅनचा संच औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो. भाग क्लीनरने स्वच्छ करायचा, लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, क्लीनरने ओला केलेल्या फडक्याने रंग पुसायचा. क्लीनर थेट भागावर मारू नका, तड्यातला रंगही धुऊन जाईल. मग पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पहिल्यांदा ती उमटताना बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

माथ्यावर

वर चढून केलेली तपासणी बोट पाण्यात असतानाच करा. यार्डात स्टँडवर उभ्या बोटीच्या माथ्यावर माणूस चढवू नये. मुंबई बंदरात अडचण लाँचच्या लाटांची. खाली बोट हातभर डोलते तेव्हा माथा दोन-तीन हात झुलतो. आम्ही सोमवारी सकाळी लवकर चढतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, त्यामुळे तिकडच्या लाँचची वर्दळ कमी असते.

खालची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय चढू नका. ज्या तारेबद्दल खाली शंका आली तिच्या भरवशावर वर लटकायचं नाही. बोसन्स चेअर, म्हणजे माणसाला वर चढवायची दोरावरची खुर्ची, दोन वेगळ्या हॅल्यार्डवर: एकावर वजन, दुसरा सुरक्षेसाठी, दोन्ही स्वतंत्र माणसांच्या हातात. हॅल्यार्डचा झटपट शॅकल (उघडमिट कडी) चेअरला अडकवू नका, थेट बोलाइनची, म्हणजे न सरकणाऱ्या फाशाची, गाठ मारा. आधी डेकपासून दोन फूट वर बसून उड्या मारून पाहा. हत्यारं दोरीने खुर्चीला बांधा, आणि खालच्या कोणीही बरोबर खाली उभं राहायचं नाही. बारा मीटरवरून पडलेला पाना माणूस मारतो.

वर जाताना स्प्रेडरशी थांबा. स्प्रेडरच्या वरच्या आणि खालच्या तारेशी होणारे दोन कोन सारखे हवेत, म्हणजे टोक किंचित वर उचललेलं. टोक खाली झुकलं असेल तर ताण आल्यावर ते तारेवरून घसरतं. टोकाला शिडाच्या बचावासाठी चामडं किंवा टेप असेल तर सोडून बघा. बंद टोक म्हणजे पुन्हा तीच ओली, कोंदट जागा. अॅल्युमिनियमची डोलकाठी आणि स्टेनलेसचे स्क्रू जिथे भेटतात तिथे पांढरी भुकटी आणि रंगाचे फोड दिसतात. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजतं. स्क्रू काढता येत असेल तर मधे जोड-पेस्ट (दोन धातू वेगळे ठेवणारी) लावून परत बसवा.

माथ्यावर टँग, पिना, कॉटर पिना, वरचे स्वेज. वर पाणी साचत नाही, त्यामुळे गंज कमी, पण सतत थरथरून आलेला थकवा जास्त. पिनेवर अंगठ्याने दाबून ती भोकात सैल नाचते का बघा. नाचत असेल तर भोक लांबट झालं आहे.

पुढचं शीड गुंडाळणारा फर्लर असेल तर फोरस्टे त्याच्या अॅल्युमिनियमच्या नळीत लपलेली असते. टोकं दिसतात तेवढीच तपासता येतात. फर्लर ओढताना जड झाला तर जोर लावू नका, विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) तर मुळीच घेऊ नका. बहुतेक वेळा हॅल्यार्ड वर फोरस्टेभोवती गुंडाळली गेलेली असते. जोर लावला की ती तारेचे पदर उलगडते. डोलकाठी उतरवाल तेव्हा फोरस्टे नळीबाहेर काढून पूर्ण लांबी कापसाने पुसा.

धुणं

गोडं पाणी हेच मुख्य औषध. शक्य तेव्हा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, स्वेजच्या तोंडात आणि टर्नबकलवर बादलीभर पाणी ओता. या महिन्यांत पाऊस नसतो आणि मीठ थरावर थर बसतं. चहासारखे दिसणारे गंजाचे डाग वाण्याकडच्या लिंबूसत्वाच्या कोमट द्रावणाने जातात. लावा, वीस मिनिटांनी घासा, भरपूर पाण्याने धुवा.

भांडी घासायची लोखंडी जाळी किंवा साधा वायर ब्रश वापरू नका, त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि स्वतः गंजतात. आणि संडास साफ करायचं ॲसिड तर नकोच. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि क्लोराइड हाच स्टेनलेसचा शत्रू. एकदा मदतीला आलेल्या एका मुलाने भल्या मनाने ते सगळ्या टर्नबकलना लावलं. दिवसभर चांदीसारखे चमकत होते. महिन्याभरात बारीक खड्डे पडले.

ताण

डोलकाठी परत उभी केल्यावर आधी ती सरळ करा, मग ताणा. मेन हॅल्यार्डचं टोक खाली आणून डाव्या आणि उजव्या चेनप्लेटला लावून बघा. दोन्हीकडे सारखं पोहोचलं की माथा मध्यावर आला. मग दोन्ही कॅप श्राउड आलटून-पालटून, प्रत्येक वेळी सारखे वेढे मोजत ताणा. टर्नबकल फिरवताना स्वेज दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तार पिळली जाते.

ताण मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. दोन मीटरची सरळ पट्टी घ्या. तार हाताने घट्ट केली आहे, अजून ताणलेली नाही, अशा वेळी पट्टीचं खालचं टोक स्वेजच्या तोंडाला टेकवा आणि वरचं टोक तारेला टेपने पक्कं करा. खालचं मोकळं. आता ताणत गेलात की तार लांबते आणि पट्टीखाली फट पडते. एक बाय एकोणीस तारेला दोन मीटरमागे एक मिलिमीटर फट म्हणजे तुटण्याच्या क्षमतेच्या सुमारे पाच टक्के ताण. तारेची जाडी कितीही असो. कॅप श्राउडला तीन मिलिमीटर, म्हणजे पंधरा टक्के, ही चांगली सुरुवात. बोट बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. लोअर श्राउड नंतर, जरा कमी ताणावर. शिडाच्या खाचेला गाल लावून वर बघा, डोलकाठी डावीकडे-उजवीकडे वाकलेली दिसायला नको.

खरी परीक्षा वाऱ्यात. दुपारचा पंधरा नॉटचा वारा, बोट वीस अंश कललेली. वाऱ्याच्या उलट बाजूच्या तारा हाताला थोड्या सैल लागल्या तर ठीक, लोंबकळून झुलायला लागल्या तर ताण कमी आहे. बाजू बदला, बोट सावरली की सैल तारेला अर्धा-अर्धा वेढा द्या, दोन्ही बाजूंना सारखा. नव्या तारा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बसतात, म्हणून पुन्हा मोजा. आणि मुरिंगवर परतल्यावर, चहा टाकण्याआधी, कॉटर पिना घाला. पिन नसलेला टर्नबकल थरथरून आपोआप उलगडतो.

कधी बदलायच्या

दोष नसला तरी दहा वर्षांनी सगळ्या तारा बदलण्याचा विचार करा. विमा कंपन्याही अनेकदा हाच आकडा धरतात. आपल्याकडच्या उष्ण, खाऱ्या, दमट हवेत पंधरा वर्षं खेचणं मला पटत नाही. जुनी बोट विकत घेत असाल आणि मालकाला तारांचं वय सांगता येत नसेल, तर किमतीतून नव्या तारांचा खर्च वजा करूनच बोला. तारा बदलताना पिना आणि टॉगलही बदला. सुट्या पिनेवर '316' लिहिलेलं आहे म्हणून खूश होऊ नका. मी आणलेल्या तशा दोन पिना एका पावसाळ्यात खड्ड्याखड्ड्यांच्या झाल्या. आता बिलाबरोबर मटेरियलचा दाखला मागतो.

तरीही पडली तर

सगळं नीट असूनही समुद्र डोलकाठी मोडू शकतो. शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' ही गोव्यात बांधलेली बोट, एकट्याने आणि न थांबता पहिली जगप्रदक्षिणा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'ची प्रतिकृती. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली आणि तिच्या डोलकाठ्या गेल्या. टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली होती. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तसल्या लाटेपुढे कापसाचा बोळा काय करणार?

पण पडलेली डोलकाठी तारांनी बोटीलाच बांधलेली असते आणि प्रत्येक लाटेला भाल्यासारखी फायबरवर आपटते. माणसं मोजून झाली की पहिलं काम तिला सोडवणं, आणि इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात लोंबणारे दोर आत घेणं, नाहीतर ते पंख्यात अडकतात. म्हणून आमच्या केबिनच्या पायरीखाली एक पिशवी असते: तारेच्या जाडीला पुरेल असा बोल्ट कटर, पिना ठोकून काढायला पंच आणि हातोडा, सगळ्यात लांब तारेएवढी जादा तार, हाताने बसवता येणारी दोन फिटिंग, डायनीमाचा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा) दोर, तार आवळून धरणारे बुलडॉग क्लँप आणि डबाभर कॉटर पिना. बोल्ट कटर दर ऑक्टोबरात जुन्या तारेच्या तुकड्यावर चालवून बघतो. गेल्या वर्षी तो गंजून जाम झाला होता.